माशांचं पाणी

ये गं, अशी जवळ ये. कागदावरून बोलावतेय म्हणून काय झालं, ये. आणि आधी दोन शब्द ऐकून घे. टाकी आणलीस, काच पुसलीस, दिवे लावलेस, वाळू धुऊन पसरलीस, आणि मग तुला आत्याची आठवण झाली? वर फोनवर म्हणतेस, "आत्या, खाऱ्या पाण्याच्या टाकीत पाणी कुठलं घालू, पटकन सांग ना." पटकन! अगं, कुकरच्या शिट्ट्या विचारतेस का? या एका प्रश्नापायी मी डोंबिवलीत जवळजवळ वर्षभर डोकं फोडून घेतलंय. तुझ्या जन्माआधीचं आहे ते. घरात कुणी विषय काढत नाही, कारण काढला की मी चिडते. आज लिहितानाही कान गरम झालेत.

सुरुवात दाढेपासून झाली. नव्वदीची पहिली वर्षं ती. आम्ही ठाणं सोडून डोंबिवली पूर्वेला राहायला आलो होतो, पण डॉक्टर, शिंपी, सोनार सगळे ठाण्यातलेच राहिले होते. टेंभी नाक्याजवळ एका दंतवैद्याकडे माझ्या दाढेचं काम चाललं होतं. सात खेपा झाल्या. त्याच्या बाहेरच्या खोलीत एक मोठी काचेची टाकी होती. गोड्या पाण्यातले सोनेरी मासे मी पाहिले होते, त्यात नवल नव्हतं. पण ही टाकी समुद्राची होती. दोन नारिंगी मासे, बोटभर लांब, अंगावर पांढरे पट्टे. आणि मधोमध दगडावर काहीतरी फुलासारखं. मला वाटलं, शोभेचं प्लॅस्टिकचं फूल ठेवलंय. जाड जाड पाकळ्या, टोकाला जांभळट. मग एक मासा सरळ त्याच्यात शिरला आणि त्या पाकळ्या त्याच्याभोवती मिटल्या. मासा आत लोळला, अंग घासलं, आणि तोंड तेवढं बाहेर काढून बसला.

म्हणजे ते फूल जिवंत होतं. दाढ ठणकत होती, तरी आतून माझं नाव पुकारल्यावर मी म्हटलं, "आधी त्या आजोबांना जाऊ द्या."

ती टाकी सांभाळायला मुंबईहून एक माणूस महिन्यातून दोनदा यायचा. चाळिशीचा, मिशीवाला, खांद्यावर कायम रबरी नळी. एका खेपेला तो मला सापडला आणि मी त्याला प्रश्न विचारून बेजार केलं. तेव्हा कळलं की ते फूल नाही, प्राणी आहे. ॲनिमोन म्हणतात. ते फूल त्या माशांचं घर. दुसरा कुठला मासा त्याच्यात शिरला तर ते त्याला डंख मारून खातं, या दोघांना मात्र सांभाळतं.

"ताई, गोडं पाणी वेगळं, खारं वेगळं," तो म्हणाला. "ह्याच्यात माणसं वेडी होतात."

"मी आधीचीच आहे," मी म्हटलं. "आमच्या घरी विचारा."

तुला वाटेल, हिला काय सुचलं हे. मुलं दोन्ही मार्गी लागली होती. हे सकाळी वागळे इस्टेटच्या कारखान्यात जायचे ते दिवेलागणीला परत. माझं शिक्षण सातवीपर्यंत. घरातलं सगळं नीट होतं, पण सगळं घराचं होतं. मी सांभाळतेय आणि मी नसले तर चालणार नाही, असं एक तरी काहीतरी मला हवं होतं. ते फूल मला तसं दिसलं. आता याच्यापुढे मला समजावता येत नाही.

टाकीवाल्यानं तीन फुटी टाकी लावून दिली, बाहेरच्या खोलीत, टीव्हीच्या शेजारी. दोन मासे दिले. फूल दिलं नाही.

"आधी हे दोघं तीन महिने जगवून दाखवा," तो म्हणाला. "मग फूल आणतो. पण एकच. ते मेलं तर दुसरं मागायचं नाही. समुद्रातनं काढून आणतात ते, मारायला मी देत नाय."

मला ते बोलणं टोचलं, पण आवडलंही. असाच माणूस पाहिजे.

तीन महिने मी नळाच्या पाण्यावर काढले. सकाळी तासभर पाणी यायचं, कधी दुधासारखं पांढरं आणि औषधाचा वास मारणारं. ते बादल्यांत दोन दिवस ठेवायचं, वास गेला की पाकिटातलं समुद्री मीठ मोजून घालायचं. त्यात एक काचेची नळी तरंगत सोडायची, दुधातलं पाणी ओळखायला असते ना, तशीच. ती ठरल्या रेघेपर्यंत बुडाली की पाणी समुद्राएवढं खारं. मासे जगले. पण दगडांवर तपकिरी शेवाळ यायला लागलं, काचेवर बुळबुळीत थर. रोज खरवडायचं, रोज परत.

टाकीवाला आला, बोटानं काच पुसून बघितली. "नळाचं बंद करा आता. फूल पाहिजे ना? मग शुद्ध पाणी लागेल. ज्याच्यात काही म्हणजे काही नाही, असं. मीठ आपण घालायचं. बाकी काय नको." आणि त्यानं एकेक बोट दुमडत सांगितलं, साबणाचा हात नको, लोखंडाचं भांडं नको, चुना नको, अगरबत्तीचा धूर नको. मी सगळं पाठ केलं. माझं पाठांतर चांगलं होतं, तेच नडलं.

मग सुरू झाली शुद्ध पाण्याची शोधाशोध. तुला सांगते, आपल्या लोकांना पाण्याविषयी विचारावं आणि कुणी गप्प बसावं, असं होतच नाही. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "आमच्याकडे सीलबंद गंगा आहे. दोन थेंब टाका, सगळं शुद्ध." हे म्हणाले, "उकळ ना. चहाला उकळतेस, माशांना उकळ." उकळून क्षार जात नाहीत, हे मला टाकीवाल्यानं सांगितलं होतं. यांना सांगितलं तर म्हणाले, "तुझ्यापेक्षा त्या माशांचं शिक्षण जास्त होणार." सोसायटीची बोअरिंग होती, तिच्या पाण्यानं तर बादलीला पांढरी पुटं चढायची. स्वयंपाकघरातला कँडलचा फिल्टर होता, पण तो गाळ काढतो, विरघळलेलं नाही काढत. हे सगळं मला एकेक करून, खेटे घालून, माणसांना विचारून कळलं. पुस्तक नव्हतं काही जवळ.

दारावर मासे घेऊन येणारी कोळीण होती, खाडीकाठच्या गावातली. तिनं टाकी पाहिली आणि पाटी उतरवून आधी पोटभर हसली.

"काय गो बाय, मासलीसाठी पानी शोदतेस?"

"मग कुठलं घालू? तुमच्या खाडीचं आणून देतेस का?"

"खाडीचं?" ती एकदम हसायची थांबली. "ते पानी आता आमीपन तोंडाला लावत नाय. कंपन्यांनी काय काय सोरलंय त्याच्यान. तुजी मासली दोन दिसान उताणी परल." मग पुन्हा डोळे मिचकावून म्हणाली, "त्यापरीस मला दे, तलून देते."

एकटीनं खरं सांगितलं ते तिनं. म्हणजे खाडीपण गेली. समुद्र इतका जवळ, आणि समुद्राच्या माशाला पाणी नाही.

शेवटी यांच्याच कारखान्यातल्या एकानं पत्ता दिला. मानपाड्याच्या बाजूला औद्योगिक वसाहतीत एक छोटं युनिट होतं, बॅटरीत घालायचं आणि प्रयोगशाळांना लागणारं डिस्टिल्ड वॉटर करायचं. म्हणजे पाण्याची वाफ करून त्या वाफेचं परत पाणी. मी रिक्षा करून गेले. तिथले केमिस्ट कपाळावर चष्मा चढवून बसले होते.

"बाई, हे प्यायचं नसतं."

"मला नाही प्यायचं. माशांना."

"मासे पितात?"

"मग दिवसभर तोंड उघडून काय करतात?"

हसले बिचारे आणि दर आठवड्याला एक कॅन द्यायला कबूल झाले. वीस लिटरचा. फक्त कॅन त्याच दिवशी परत आणून द्यायचा, दुसऱ्या गिऱ्हाइकाला लागायचा तो.

आता इथं नीट लक्ष दे. कॅन परत द्यायचा म्हणजे पाणी घरात कशात तरी ओतून ठेवायला हवं. बादल्या होत्या, पण त्या सगळ्या कपड्याच्या सोड्यात आणि साबणात भिजलेल्या. टाकीवाल्यानं साबणाला पहिलं बोट दुमडलं होतं. स्टीलची पिंपं होती, पण स्टील म्हणजे लोखंडाचाच भाऊ, असं माझं डोकं चाललं. मग माझी नजर माळ्यावर गेली. माझ्या आईनं लग्नात दिलेला तांब्याचा हंडा. माहेरी आम्ही प्यायचं पाणी त्यातच ठेवायचो. तांब्यातलं पाणी म्हणजे सगळ्यात शुद्ध, हे मी सात वर्षांची असल्यापासून ऐकत आले. देवाला तांब्याच्या कलशातलं, सूर्याला तांब्याच्या पळीतलं, पोट बिघडलं की रात्रभर तांब्यात ठेवलेलं. इतकं शुद्ध पाणी आणलंय, तर त्याला भांडंही तसंच नको का?

हंडा खाली काढला. चिंच आणि मीठ लावून असा घासला की तोंड दिसावं. वीस लिटर बरोबर मावायचं. वर ताट झाकायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातच मीठ घालून लाकडी पळीनं तासभर ढवळायचं आणि टाकीतलं जुनं तेवढं पाणी काढून हे घालायचं. कल्हई नव्हती हंड्याला, पाण्याच्या हंड्याला कोण करतं? आणि दर खेपेला मी तो आधी चिंचेनं लख्ख करायची. कुठं म्हणून कमी ठेवली नाही मी.

शेवाळ कमी झालं. टाकीवाला खूश झाला आणि ठरल्याप्रमाणे फूल घेऊन आला, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी थर्माकोलच्या खोक्यात. पहिल्या दिवशी ते गोळा होऊन बसलं. दुसऱ्या दिवशी दगडाला चिकटलं. तिसऱ्या दिवशी मी भाजी चिरत होते, वर पाहिलं तर उघडलेलं होतं, तळहाताहून मोठं. आणि दोघांपैकी मोठी मासोळी त्याच्याजवळ जाऊन नुसतं तोंड लावत होती, मागे सरत होती, परत लावत होती. दुपारपर्यंत आत शिरली. संध्याकाळी हे घरी आले तेव्हा त्यांनी चपला काढायच्या आधीच मी त्यांना ओढत टाकीपाशी नेलं. हे बघत राहिले आणि म्हणाले, "अरेच्या, घरजावई झाले की हे." त्यानंतर रोज घरी आले की आधी टाकी, मग चहा.

तीन आठवडे. मग फूल आकसायला लागलं.

पाकळ्या आखूड झाल्या. रंग उतरला. मधलं तोंड नेहमी घट्ट मिटलेलं असायचं, ते सैल पडलं. मी म्हटलं, पाणी घाण झालं असेल. आठवड्याला एक कॅन आणत होते, ते दोन आणायला लागले. पाणी बदललं की फूल आणखी आकसायचं. मग मी म्हणायची, अजून शुद्ध झालं नाही. मग तीन कॅन. बघ, आता लिहिताना दिसतंय तुला? तेव्हा मला दिसत नव्हतं. रिक्षा करून मानपाड्याला जायचं, कॅन चढवायचा, उतरवायचा, हंडा घासायचा, भरायचा, ढवळायचा, ओतायचा, आणि दुसऱ्या दिवशी फूल आदल्या दिवसाहून लहान. मासे ठणठणीत. त्यांचाच राग यायला लागला मला. तुम्ही कसे बरे जगताय रे?

एके दिवशी मी मानपाड्याला जाऊन त्या केमिस्टशी भांडले. "तुमचं पाणी शुद्ध नाही. तुम्ही बोअरिंगचं देताय मला."

माणूस दुखावला. त्यानं माझ्यादेखत पाण्यात मीटर घातला. काटा जागचा हलला नाही. "बघा, शून्य," तो म्हणाला. "याच्याहून शुद्ध पाणी तुम्हाला इथं मिळायचं नाही. न्यायचा कॅन घाण नाही ना?"

"तुमचाच कॅन आहे."

"मग तुमच्या टाकीतच काहीतरी आहे, बाई."

इतक्या जवळ आले होते गं मी. त्यानं अजून एक प्रश्न विचारला असता तर! पण त्यानं विचारला नाही आणि मी तणतणत घरी आले, नवा कॅन घेऊनच. पाणी कुठलं, हे मला सगळ्यांनी विचारलं होतं. कशात ठेवता, हे एकानंही नाही. आणि ते कुणाला सांगावं, असं मलाही वाटलं नव्हतं. तवा कुठला वापरला, हे कुणी पोळ्यांबरोबर सांगतं का?

टाकीवाल्याला मी तीनदा फोन केले शेजारच्यांकडून. चौथ्या दिवशी सकाळी तो आला. टाकीपुढे वाकून उभा राहिला. टाकीत हात घालायच्या आधी धुवायला म्हणून मी त्याला स्वयंपाकघरात नेलं. ओट्याच्या बाजूला हंडा, आदल्या दिवशीच घासलेला, वर ताट.

"ताई, प्यायचं पाणी तांब्यात ठेवता तुम्ही? चांगलं असतं म्हणतात."

"प्यायचं त्या माठात आहे. हे माशांचं."

त्याचा हात नळाखाली तसाच राहिला. "कोणाचं?"

"माशांचं. डिस्टिल्ड. आता मीठ घालायचं त्यात."

"पहिल्यापासून ह्याच्यातच?"

"मग? नळाच्या बादलीत ठेवू की काय?"

नळ नुसता वाहत होता. मीच तो बंद केला. तो स्टुलावर बसला आणि अगदी हळू बोलायला लागला, माणूस गेलं की बोलतात तसं. "ताई, माशांना अंगावर रोग झाला की आम्ही तांब्याचं औषध घालतो. थेंब मोजून. आणि त्याच्या आधी फुलं, कोळंबी, सगळी टाकीतनं काढून घेतो. मासे वाचतात. ही मरतात."

मला आधी कळेचना. मग कळलं.

"आणि हे पाणी," त्यानं हंड्याकडे बोट केलं, "ह्याच्यात काहीच नसतं ना, म्हणून ते भांड्याचंच खातं. वर तुम्ही मीठ घालता. नळाचं चाललं असतं एक वेळ, ताई. ह्यानं नाही."

मी त्याच्यावर ओरडले. खोटं कशाला सांगू? "मग आधी सांगायचं होतं! साबण सांगितलात, लोखंड सांगितलंत, अगरबत्ती सांगितलीत!"

"मी ज्या घरांत जातो तिथं कोणी हंडा ठेवत नाय हो," तो म्हणाला. "माझ्या डोक्यातच नाय आलं."

त्याचं खरं होतं. माझंही खोटं नव्हतं. म्हणूनच जास्त चीड यायची. आळशीपणानं मारलं असतं तर एक वेळ स्वतःला शिव्या देऊन मोकळी झाले असते. मी ते काळजीनं मारलं. घासून घासून.

त्यानं त्याच दिवशी निम्मं पाणी बदलून पाहिलं, बरोबर आणलेलं, प्लॅस्टिकच्या ड्रममधलं. फूल दोन दिवस तग धरून राहिलं. तिसऱ्या दिवशी दगडावरून सुटलं आणि विरघळायला लागलं, पाण्यात धाग्यांसारखं. कुजलं तर मासेही जातील, म्हणून लगेच काढायला हवं होतं. हात मीच घातला. इतके दिवस मी त्याला कधी बोट लावलं नव्हतं, डंखाच्या भीतीनं. डंख नव्हता राहिला. नुसतं बुळबुळीत, पेजेवरच्या सायीसारखं. वर्तमानपत्रात गुंडाळलं. हे घरीच होते, रविवार होता. एरवी चेष्टा केल्याशिवाय राहिले नसते. माझ्या हातातली पुडी घेतली आणि पायात चपला सरकवून खाली गेले.

मासे दोघं त्या रिकाम्या दगडाजवळ घोटाळत राहायचे. मोठी मासोळी दगडावर अंग घासायची, मागे सरायची, परत घासायची. आठ दिवस मी ते पाहिलं. मग टाकीवाल्याला म्हटलं, "दुसरं फूल द्या. आता मला कळलंय सगळं."

"नाही ताई. ठरलं होतं."

"अहो, पण आता चूक सापडलीय ना!"

"तांबं वाळूत बसलंय, दगडांत बसलंय. ह्या टाकीत आता फूल जगणार नाही. पाणी कितीही बदला." मग म्हणाला, "सगळं फेकून नव्यानं लावावं लागेल. वर्षानं बोला."

वर्ष कोण थांबणार? दगडाशी घासणारी ती मासोळी बघत? मी दोन्ही मासे त्याला देऊन टाकले. त्याच्या एका गिऱ्हाइकाकडे मोठं फूल होतं, तिथं सोडतो म्हणाला. पिशवीत पाणी भरताना त्यानं माझं पाणी घेतलं नाही, स्वतःचं घेतलं. ते मला इतकं लागलं की मी चहासुद्धा विचारला नाही त्याला. नंतर वाईट वाटलं. भला माणूस होता. पुन्हा कधी भेट झाली नाही.

आता तुझं. पाणी आरओचं घे, नाहीतर डिस्टिल्ड घे, दोन्ही चालतील, तो सोपा भाग आहे. पण ते कशातून येतं, कुठल्या तोटीतून पडतं, कशात थांबतं, ते मला बघायचंय. पितळी तोटी नको, पितळेतही तांबंच असतं. हल्ली पाण्यात मुद्दाम तांबं सोडणारी यंत्रं निघालीत म्हणे, तब्येतीला चांगलं म्हणून घरोघर घेतात. असेल तुला चांगलं. तुझ्या स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे ना, त्याच्यावर काय लिहिलंय, ते तू वाचलंयस का? नसशीलच वाचलं. टाकी अजून कोरडी आहे म्हणालीस ना, मग कोरडीच राहू दे चार दिवस. फूल तर आणूच नकोस इतक्यात. मी आले असते, पण तुझ्या इमारतीला लिफ्ट नाही आणि माझे गुडघे आता माझे राहिले नाहीत. तूच ये. यंत्राबरोबर आलेलं ते छापील पुस्तक घेऊन ये, बादली आणलीस तर बादलीही आण. येत्या रविवारी सकाळी ये, पुढच्या नको. जेवूनच जा.